एकाच नावाच्या युद्धनौका

स्पेनच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर ट्रफाल्गार नावाचे एक भूशिर आहे. या भूशिराजवळ २१ ऑक्टोबर १८०५ रोजी एका बाजूस ब्रिटिश आरमार आणि दुसऱ्या बाजूस फ्रेंच व स्पॅनिश यांचे संयुक्त आरमार, असे मोठे युद्ध झाले. या युद्धाची हकीकत वाचावयास घेणारा मनुष्य थोड्याच वेळात बुचकळ्यात पडतो. एका पानावर तो वाचतो की, स्विफ्टशुअर या जहाजाने लढाईत शरणागती पत्करली. पुढच्या पानावर त्यास असे आढळते की, दुसऱ्या दिवशी स्विफ्टशुअर शत्रूच्या एका मोडक्या जहाजास दोर लावून ओढीत नेत आहे. जे स्वतःच कैद झाले ते दुसऱ्यास कैद करून कसे नेईल? नेपच्यूनची गोष्ट याहूनही चमत्कारिक. एका ओळीत नेपच्यून हे ब्रिटिश सेनापती नेल्सन याच्या व्हिक्टरी जहाजावर तोफा डागते, तर दुसऱ्या ओळीत नेपच्यून हे व्हिक्टरीच्या मागोमाग येऊन तिच्या शत्रूंवर मारा करते.

यात लेखकाची किंवा मुद्रकाची काही चूक नाही. त्या दिवशी रणांगणावर रांगेत लढणारी मोठी जहाजे एकूण साठ होती. त्यांपैकी २७ ब्रिटिश, १८ फ्रेंच व १५ स्पॅनिश होती. या साठांत स्विफ्टशुअर नावाची दोन, आशील नावाची दोन आणि नेपच्यून या एकाच देवाच्या नावाची तीन जहाजे होती. मराठीत 'नाव' या एकाच शब्दाने नौका आणि नाम असे दोन्ही अर्थ निघतात. प्रस्तुत विषयात मात्र या दोहोंची फारकत करावयाची आहे, आणि ती वाटते तितकी सोपी नाही.

प्रथम नेपच्यूनचे घेऊ, कारण त्याचे कारण सर्वांत साधे आहे. नेपच्यून हा प्राचीन रोमन लोकांचा समुद्रदेव होय. युरोपातील सुशिक्षित वर्ग लॅटिन शिकून वाढलेला असल्यामुळे प्रत्येक देशाच्या नौदलास आपल्या एखाद्या मोठ्या जहाजास त्या देवाचे नाव द्यावेसे वाटले, तर नवल नाही. ब्रिटिश नेपच्यून १७९७ मध्ये डेटफर्ड येथे पाण्यात सोडले गेले व त्यावर ९८ तोफा होत्या. फ्रेंच नेपच्यून ८० तोफांचे असून ते १८०३ मध्ये तूलाँ येथे तयार झाले. स्पॅनिश नेप्तुनोही ८० तोफांचेच होते व ते १७९५ चे. या तिघांचा परस्परांशी बांधणीचा किंवा मालकीचा कसलाही संबंध नव्हता.

येथे आरमाराच्या नामकरणाचा एक नियम ध्यानात घेतला पाहिजे. नौदलाचे कार्यालय आपल्या जहाजांची एक यादी ठेवीत असे. तोफा, दारूगोळा, शिधा, पगार आणि दुरुस्तीचा खर्च ही सर्व या यादीतील नावावर मांडली जात. म्हणून एका नौदलात एका वेळी एका नावाचे एकच मोठे जहाज असावे, हा व्यवहारी दंडक होता. पण तो आपापल्या यादीपुरता. शत्रूच्या यादीत कोणती नावे आहेत, याची चौकशी करण्याचे कारण नव्हते. सजीवांच्या शास्त्रीय नामकरणातही हाच प्रकार आढळतो. दोन प्राणिजातींच्या गटांस एकच नाव चालत नाही; परंतु वनस्पतिशास्त्राची नियमावली निराळी असल्यामुळे 'मोरस' हे नाव तुतीच्या झाडांच्या गटासही आहे आणि गॅनेट नावाच्या समुद्रपक्ष्यांच्या गटासही आहे. दोन वह्या निराळ्या असल्या म्हणजे एकच नाव दोन ठिकाणी सुखाने नांदते.

स्विफ्टशुअरची कथा मात्र निराळी आहे. हे अस्सल इंग्रजी नाव आहे आणि एखाद्या फ्रेंच अधिकाऱ्याने ते आपल्या जहाजास हौसेने दिले असेल, हे संभवत नाही. वस्तुतः ट्रफाल्गार येथे फ्रेंच निशाणाखाली लढणारे स्विफ्टशुअर हे मूळचे ब्रिटिशच जहाज होते. ७४ तोफांचे हे जहाज १७८७ मध्ये पाण्यात उतरले. १ ऑगस्ट १७९८ च्या रात्री ईजिप्तच्या किनाऱ्यावर नाईलची लढाई झाली, तेव्हा ते बेंजामिन हॅलोवेल या कप्तानाच्या हाताखाली नेल्सनच्या आरमारात होते. फ्रेंचांचे सर्वांत मोठे जहाज ओरिआँ हे होते. स्विफ्टशुअर त्याच्यानजीक नांगर टाकून लढले आणि त्याच रात्री आग लागून ओरिआँचा प्रचंड स्फोट झाला. ओरिआँची मोठी डोलकाठी पाण्यावर तरंगत होती. तिचा तुकडा स्विफ्टशुअरच्या लोकांनी वर काढला. हॅलोवेलने आपल्या जहाजावरील सुताराकडून त्या लाकडाची एक शवपेटी करविली आणि ती पुढील वर्षी नेल्सनला भेट म्हणून पाठविली. अशी भेट आपल्याकडे कोणी मनावर घेईल की काय न कळे, पण नेल्सनने ती आनंदाने स्वीकारली.

पुढे २४ जून १८०१ रोजी भूमध्य समुद्रात एका बलाढ्य फ्रेंच आरमाराने एकट्या सापडलेल्या स्विफ्टशुअरला गाठले आणि पकडले. जहाज गमावल्याबद्दल हॅलोवेलवर रिवाजाप्रमाणे लष्करी न्यायालयात खटला झाला व तो सन्मानाने निर्दोष सुटला. फ्रेंचांनी जहाज आपल्या आरमारात घेतले, पण नाव बदलले नाही. इकडे ब्रिटिश यादीतील ते नाव रिकामे झाले होते. म्हणून १८०४ मध्ये बकलर्स हार्ड या दक्षिण इंग्लंडमधील गावी ७४ तोफांचे नवे जहाज पाण्यात सोडले गेले, तेव्हा त्यास स्विफ्टशुअर हेच नाव देण्यात आले. अशा रीतीने ट्रफाल्गारच्या दिवशी जुने स्विफ्टशुअर फ्रेंचांकडून आणि नवे स्विफ्टशुअर ब्रिटिशांकडून लढले.

फ्रेंचांकडील स्विफ्टशुअर कोलॉसस या ब्रिटिश जहाजास शरण आले. नवे स्विफ्टशुअर दुसऱ्या दिवशी ज्या जहाजास ओढीत होते ते रदूताब्ल होय. याच फ्रेंच जहाजाच्या डोलकाठीवरील एका बंदूकवाल्याची गोळी नेल्सनला लागली होती. रदूताब्लच्या सांगाड्यात पाणी भरत गेले आणि ते रात्री बुडाले. स्विफ्टशुअरच्या होड्यांनी त्यातील कित्येकांस वाचविले. लढाईमागोमाग भयंकर वादळ झाले आणि पकडलेली बहुतेक जहाजे बुडाली, फुटली किंवा ब्रिटिशांनीच ती जाळून टाकली. केवळ चार जिब्राल्टरच्या बंदरात सुखरूप पोहोचली. त्या चारांत जुने स्विफ्टशुअर होते. नेल्सनचा देह १८०६ च्या जानेवारीत लंडनच्या सेंट पॉल मंदिरात पुरण्यात आला तो ओरिआँच्या डोलकाठीच्या पेटीत. ती पेटी ज्या जहाजाच्या सुताराने घडविली, ते जहाज नेल्सनच्या अखेरच्या लढाईत त्याच्या विरुद्ध बाजूस उभे होते.

जुने स्विफ्टशुअर असे स्वगृही परतले. पण आता त्याच्या नावावर दुसऱ्याचा ताबा होता. एका यादीत दोन स्विफ्टशुअर ठेवणे शक्य नव्हते. ज्या जहाजाने नाईलच्या लढाईत ते नाव गाजविले त्याचेच नाव काढून घेण्यात आले आणि त्यास इरेझिस्टिबल असे म्हणू लागले. यापुढे ते चॅटम येथे कैद्यांचे तुरुंगजहाज म्हणून पडून राहिले व १८१६ मध्ये मोडण्यात आले.

पकडलेल्या जहाजाचे नाव तसेच का ठेवीत असत? एक तर त्यात विजेत्याची फुशारकी असे. शत्रूचे नाव आपल्या जहाजाच्या पिछाडीवर रंगविलेले असले म्हणजे बंदरोबंदरी विजयाची जाहिरात होई. नाईल येथे ब्रिटिशांनी तोनाँ आणि स्पार्तियात ही दोन फ्रेंच जहाजे पकडली होती. ती ट्रफाल्गार येथे त्याच फ्रेंच नावांनी ब्रिटिश रांगेत उभी होती. म्हणजे सात वर्षांपूर्वी स्विफ्टशुअर व तोनाँ ही ज्या बाजूंनी लढली होती, त्या बाजूंची आता अदलाबदल झाली होती. परंतु ही चाल सर्वत्र एकसारखी नव्हती. १६६६ मध्ये डच लोकांनी त्या काळचे एक स्विफ्टशुअर पकडले, तेव्हा त्यांनी त्याचे नाव बदलून औड्सहोर्न असे डच नाव ठेवले.

आशीलच्या बाबतीत दोन्ही कारणे एकत्र आली. होमरच्या महाकाव्यातील वीराचे हे फ्रेंच रूप. १ जून १७९४ च्या लढाईत ब्रिटिशांनी आशील नावाचे फ्रेंच जहाज पकडले. ते जीर्ण असल्यामुळे दोन वर्षांत मोडले. पण नाव मात्र ठेवून घेतले आणि १७९८ मध्ये आपल्या गोदीत बांधलेल्या कोऱ्या जहाजास दिले. इंग्रजीत याच वीराचे निराळे रूप रूढ असतानाही अक्षरे फ्रेंच पद्धतीचीच राखली! फ्रेंचांनीही आपले गेलेले नाव सोडले नाही. १८०४ मध्ये त्यांचे नवे आशील तयार झाले. ट्रफाल्गार येथे दोघे परस्परांजवळून गेले. फ्रेंच आशील पुढे सरकले आणि त्याच्यामागून आलेल्या बेरिक या जहाजाशी ब्रिटिश आशीलची झुंज लागली. हे बेरिकही १७७५ चे ब्रिटिश जहाज असून १७९५ मध्ये फ्रेंचांच्या हाती पडले होते. बेरिक शरण आले, पण वादळात किनाऱ्यालगत फुटले आणि सुमारे २०० माणसे प्राणांस मुकली. फ्रेंच आशीलला आग लागून सायंकाळी त्याचा स्फोट झाला. त्यातील माणसे पाण्यातून काढण्यासाठी ज्यांनी होड्या पाठविल्या त्यांत नवे स्विफ्टशुअर होते.

नावासाठी जागा नसली म्हणजे काय होई, याचे आणखी एक उदाहरण याच लढाईत आहे. १७९५ मध्ये बेल-इल या बेटाजवळ ब्रिटिशांनी फॉर्मिदाब्ल नावाचे फ्रेंच जहाज घेतले. पण त्याच अर्थाचे व त्याच अक्षरांचे फॉर्मिडेबल ब्रिटिश यादीत आधीपासून होते. म्हणून पकडलेल्या जहाजास जवळच्या बेटाचे नाव देऊन बेलाईल म्हणू लागले. फ्रेंचांनी लागलीच तूलाँच्या एका नव्या जहाजास फॉर्मिदाब्ल हे नाव दिले. ट्रफाल्गार येथे बेलाईलच्या साऱ्या डोलकाठ्या तुटल्या तरी ते शरण गेले नाही. नवे फॉर्मिदाब्ल लढाईतून निसटले. मात्र ४ नोव्हेंबर रोजी तेही पकडले गेले. जुने ब्रिटिश फॉर्मिडेबल अद्याप यादीत होतेच. तेव्हा या दुसऱ्या कैद्याचे नावही बदलणे भाग पडले व ते ब्रेव्ह झाले.

मग प्रत्यक्ष लढाईत घोटाळा होत नसे काय? होत असे, पण तो नावांमुळे नव्हे. धुरात पिछाडीवरील अक्षरे कोण वाचीत बसतो? जहाज ओळखण्याची साधने निराळी होती. इशाऱ्यांच्या पुस्तकात प्रत्येक जहाजास क्रमांक असे आणि हुकूम त्या क्रमांकाच्या निशाणांनी दिले जात. ब्रिटिश दर्यासारंगांच्या हुद्द्याप्रमाणे तांबडी, पांढरी व निळी अशी तीन प्रकारची निशाणे चालत; नेल्सनने त्या दिवशी सर्व जहाजांस पांढरेच निशाण लावावयास सांगितले. शत्रूच्या डोलकाठ्यांवरील लोखंडी पट्टे काळे असत, म्हणून ब्रिटिश जहाजांच्या पट्ट्यांस वेगळा रंग दिला होता. गोलंदाजाची दृष्टी निशाण, रंग आणि डोलकाठी यांवर असे. नावांचा घोटाळा होतो तो पुढे, कागदावर. म्हणून नौकांचे इतिहासकार आता नावापुढे जहाज पाण्यात सोडल्याचे वर्ष लिहितात : स्विफ्टशुअर (१७८७), स्विफ्टशुअर (१८०४).

एकाच यादीतील नाव मोकळे करून दुसऱ्यास देण्याचा प्रकार मुंबईत बांधलेल्या जहाजांच्या बाबतीतही घडला आहे. ईस्ट इंडिया कंपनीसाठी मुंबईच्या गोदीत १८०१ च्या सुमारास मार्क्विस कॉर्नवॉलिस नावाचे जहाज तयार झाले. १८०५ मध्ये ब्रिटिश नौदलाने ते विकत घेतले व ते केवळ कॉर्नवॉलिस या नावाने यादीत गेले. १८११ मध्ये त्याचे नाव बदलून अकबर ठेवण्यात आले. कॉर्नवॉलिस हे नाव असे मोकळे झाल्यावर मुंबईच्याच गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेल्या ७४ तोफांच्या मोठ्या जहाजास ते मिळाले. हे दुसरे कॉर्नवॉलिस १८१३ मध्ये समुद्रात उतरले. २९ ऑगस्ट १८४२ रोजी ब्रिटन व चीन यांच्यातील नानकिंगचा तह याच जहाजावर झाला. शिडे गेली, वाफ आली, आणि पुढे इंग्लंडमधील शीरनेस येथे धक्का म्हणून त्याचा उपयोग होऊ लागला. ते मोडले गेले १९५७ मध्ये, म्हणजे बांधल्यापासून १४४ वर्षांनी. हे श्रेय सागवानाचे आहे. ओक लाकडातील आम्ल लोखंडी खिळ्यांस गंज चढविते; सागवानातील तेलामुळे खिळे टिकतात व कुजण्याची क्रियाही मंद होते. ओकचे जहाज वीस वर्षांत मोठ्या दुरुस्तीस येणे ही नित्याची गोष्ट होती.

अकबरचे पुढे काय झाले? लिव्हरपूलजवळ मर्सी नदीत अपराधी मुलांचे सुधारगृह म्हणून ते उभे राहिले. १८६२ मध्ये त्याच्या जागी वेलिंग्टन हे जुने जहाज आणले, तेव्हा त्यासच अकबर म्हणू लागले. हे दुसरे अकबर पाण्यात उतरले त्या वर्षी, १८१६ मध्ये, हीरो होते, आणि त्याच वर्षअखेर त्याचे वेलिंग्टन झाले होते. सुधारगृहाचे नाव अकबर. जो सांगाडा तेथे येईल तो अकबर!

येथवर नावे निराळ्या जहाजांवर गेली तरी जहाजे निराळी आहेत, हे स्पष्ट होते. खरी अडचण येते ती जुने जहाज मोडून त्याच गोदीत त्याच नावाचे नवे बांधले जाते तेव्हा. जुन्या काळी अशा 'पुनर्बांधणी'त जुन्या लाकडांपैकी चांगली लाकडे नव्या सांगाड्यात घालीत असत. इंग्लंडचे एक व्हिक्टरी १७२१ मध्ये आगीत जळाले; त्याची वाचलेली लाकडे राखून ठेवण्यात आली आणि त्याच नावाचे पुढचे जहाज १७३७ मध्ये सिद्ध झाले. ते १७४४ मध्ये हजाराहून अधिक माणसांसह बुडाले. नेल्सनचे व्हिक्टरी ते हे नव्हे. ते १७६५ मध्ये पाण्यात उतरले.

या अडचणीची सर्वांत मोठी किंमत अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने दिली. बाल्टिमोर येथे १७९७ मध्ये कॉन्स्टेलेशन नावाची फ्रिगेट, म्हणजे वेगवान मध्यम युद्धनौका, तयार झाली. १७९९ मध्ये तिने लॅन्सूर्जांत ही फ्रेंच फ्रिगेट जिंकली आणि नव्या राष्ट्राच्या नौदलास मोठी कीर्ती मिळवून दिली. ही नौका १८५३ मध्ये व्हर्जिनियातील नौदलाच्या गोदीत मोडण्यात आली. त्याच गोदीत १८५४ मध्ये कॉन्स्टेलेशन हेच नाव घेऊन एक नवे शिडाचे जहाज तयार झाले. नावात खंड पडला नाही. त्यामुळे पुढे लोकांच्या मनातही खंड उरला नाही. १९१४ च्या एका राष्ट्रीय उत्सवात हेच जहाज १७९७ ची फ्रिगेट म्हणून सजविण्यात आले. १९५५ मध्ये ते बाल्टिमोरला आणले गेले, नागरिकांनी त्यासाठी वर्गणी दिली, आणि दुरुस्ती करताना ते फ्रिगेटसारखे दिसावे म्हणून त्याच्या अंगात बदल करण्यात आले.

हॉवर्ड चॅपेल हे जुन्या जहाजांच्या बांधणीचे अभ्यासक. त्यांनी हे जहाज १७९७ चे नाही, असे आग्रहाने मांडले. वाद कित्येक वर्षे चालला आणि तो बराच कडू होता, कारण आपल्या शहराचा गौरव खोटा ठरावा असे कोणास वाटत नाही. त्याचा निकाल लागला तो अमेरिकन नौदलाच्या संशोधन केंद्रातील डेना वेगनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासाने. त्यांनी नावाकडे न पाहता मापांकडे पाहिले. जुनी फ्रिगेट सुमारे १६४ फूट लांबीची होती. बाल्टिमोरचे जहाज सुमारे १७६ फूट लांब आहे. जहाज मध्ये कापून लांब केले असावे, असे प्रतिपक्षाचे म्हणणे होते. परंतु नव्या जहाजाचा आराखडा स्वतंत्रपणे केल्याचे पुरावे गोदीच्या कागदपत्रांत व नमुन्यांत सापडले, आणि ज्या कागदांवर प्रतिपक्षाची भिस्त होती त्यांतील काही चक्क बनावट निघाले. जुन्या फ्रिगेटचे थोडेसे लाकूड नव्यात गेले असेल. जहाज मात्र नवेच.

नागरिकांनी एवढ्या प्रेमाने जपलेली ती वस्तू क्षुल्लक होती असे मात्र नाही. १८५४ चे कॉन्स्टेलेशन हे अमेरिकन नौदलाने केवळ शिडांवर चालण्यासाठी आराखडा करून बांधलेले अखेरचे जहाज होय. १८५९ ते १८६१ या काळात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पहारा करीत असता त्याने गुलामांची ने-आण करणारी जहाजे पकडली. त्यांपैकी कोरा या एकाच जहाजातून ७०५ माणसे मुक्त झाली. १९९६ ते १९९९ या वर्षांत दुरुस्ती करून त्याच्या अंगावरील फ्रिगेटचे सोंग उतरविण्यात आले, आणि आता ते बाल्टिमोरच्या बंदरात १८५४ हे आपले खरे वर्ष सांगत उभे आहे.